‘स्वेच्छेने’ भरलेली वसुली : कार्यालयप्रमुखांना आणि आहरण व संवितरण अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्य शासनाच्या आणि जिल्हा परिषदांच्या कार्यालयांतील सर्व कार्यालयप्रमुख, आहरण व संवितरण अधिकारी आणि वेतन पडताळणीचे काम करणारे सर्व जण

विषय : सेवानिवृत्तीच्या तोंडावर होणारी अतिप्रदानाची (चुकून जास्त दिल्या गेलेल्या वेतनाची) वसुली

महोदय, महोदया,

तीस वर्षे ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असे लिहीत आले. आज ते सोडून सरळ लिहिते. मी जून १९९५ मध्ये लिपिक-टंकलेखक म्हणून लागले आणि ३१ मे २०२५ रोजी वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. कार्यालयाचे आणि जिल्ह्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. एका साहेबांना किंवा एका कारकुनाला उघडे पाडायला मी बसलेले नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकांना हे वाचताना आपलेच कार्यालय आठवेल याची मला खात्री आहे.

पत्र लिहायला कारण झाले ते गेल्या महिन्यात आलेले दीड ओळीचे उत्तर. माझ्या उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) कापलेले २ लाख १८ हजार ६४० रुपये परत मिळावेत म्हणून मी निवेदन दिले होते. त्यावर कळवण्यात आले, “आपण सदर रक्कम भरण्यास स्वेच्छेने संमती दिलेली असल्याने आपली विनंती मान्य करता येत नाही.” जावक क्रमांक, तारीख, सही, शिक्का, सगळे जागच्या जागी. पत्र निर्दोष होते. तसले मसुदे मीच शिकवले आहेत.

ही रक्कम झाली कशी ते आधी सांगते. फेब्रुवारी २००६ मध्ये माझी वरिष्ठ लिपिक म्हणून पदोन्नती झाली. पुढे २००९ साली सहाव्या वेतन आयोगाचे सुधारित वेतन नियम आले आणि सगळ्यांची वेतननिश्चिती मागे जाऊन १ जानेवारी २००६ पासून झाली. नव्या नियमात वेतनवाढीची तारीख सगळ्यांना एकच, १ जुलै. मात्र त्या दिवशी त्या वेतनात सहा महिने पुरे झालेले हवेत. फेब्रुवारीत पदोन्नती झालेल्या बाईचे जुलैला सहा महिने भरत नाहीत. तरी ज्या कोणी माझी वेतननिश्चिती केली त्यांनी १ जुलै २००६ ची वेतनवाढ लावली. मी तेव्हा आवक-जावकला होते, टपाल फोडत होते. मूळ वेतनात फरक पडला ३०० रुपयांचा.

हे ३०० रुपये एकोणीस वर्षे तिथेच बसून वाढले. दर जुलैला त्यांच्यावर तीन टक्के चढले. त्यांच्यावर महागाई भत्ता चढला, घरभाडे चढले. २०१६ पासून सातव्या आयोगाने त्यांना २.५७ ने गुणले आणि पुन्हा नव्याने महागाई भत्ता सुरू झाला. या एकोणीस वर्षांत माझे सेवापुस्तक किती जणांच्या हातांखालून गेले? सुधारित आश्वासित प्रगती योजनेचा लाभ देताना उघडले, सातव्या आयोगाची निश्चिती करताना उघडले, रजा नोंदवताना तर दरवर्षी उघडले. कोणाला काही दिसले नाही. मलाही नाही, हे मान्य. मी आस्थापनेला, म्हणजे सेवापुस्तके सांभाळणाऱ्या शाखेत, आल्यावर स्वतःच्या सेवापुस्तकाला हात लावायचा नाही असा माझाच दंडक होता, तो आता मला भोवला.

मग वेतन पडताळणी पथकाकडून त्रुटीचा शेरा आला, आणि ९ मे २०२५ रोजी वसुलीचा आदेश माझ्या टेबलावर आला. निवृत्तीला बावीस दिवस उरले होते. ३१ तारखेला शनिवार होता म्हणून निरोप समारंभ शुक्रवारीच उरकला. शाल, श्रीफळ, गुलाबाचा बुके. साहेब भाषणात म्हणाले, “बाईंच्या फाइलीत कधी त्रुटी निघाली नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्रुटीचा आदेश खालच्या ड्रॉवरमध्ये होता आणि हे साहेबांना माहीत होते, मला माहीत होते, आणि माझ्या जागेवर आलेल्या मुलीलाही माहीत होते.

त्याआधी तीन दिवस त्याच मुलीने एक कागद माझ्यापुढे सरकवला होता. मान खाली घालून म्हणाली, “मॅडम, एवढी सही झाली की प्रकरण आजच्या टपालात टाकते.” कागदावर छापले होते, “मी सदर अतिप्रदान रक्कम माझ्या उपदानातून कपात करण्यास स्वच्छेने संमती देत आहे.”

स्वच्छेने. ‘व’वरची मात्रा गायब.

ती मात्रा मी खाल्लेली आहे. २०११ च्या सुमारास, ‘सुरेख’ नावाच्या जुन्या फॉन्टात, घाईत. तो नमुना माझा आहे. पुढे युनिकोड आले तेव्हा मजकूर कोणीतरी जसाच्या तसा उतरवून घेतला आणि मात्रा परत आली नाही. पुढच्या आठ वर्षांत मी वर्षाला पाच-सहा जणांच्या तरी सह्या त्या कागदावर घेतल्या असतील. कोणी तो शब्द वाचला नाही, कारण कोणी तो कागदच वाचत नाही. मीही तो मुलीसमोर वाचल्यासारखे केले आणि सही केली.

का केली, असे माझ्या मुलाने विचारले. न केल्यास काय होते हे मला ठाऊक होते म्हणून केली. सही न करणाऱ्याचे प्रकरण कोणी अडवत नाही, ते नुसते पडून राहते. आज ना-देय दाखला राहिला, उद्या पडताळणीचा मूळ शेरा जोडायचा राहिला, परवा साहेब दौऱ्यावर. नियमात तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची सोय आहे, पण ते मिळायलाही कोणीतरी टिपणी ठेवावी लागते, आणि टिपणी ठेवणारा तोच असतो ज्याला तुम्ही सही नाकारलेली असते. पगार बंद, पेन्शन सुरू नाही, उपदान अडकलेले. अशा वेळी दिलेल्या सहीला आपण ‘स्वेच्छा’ म्हणतो आणि पुढे तोच शब्द उत्तरात वापरतो.

माझ्यापेक्षा वाईट एक आठवण आहे, ती लिहिल्याशिवाय हे पत्र खोटे ठरेल. २०१७ साली आमचे एक शिपाई निवृत्त झाले. सगळे त्यांना मामा म्हणत. ते आधी आदिवासी तालुक्यात होते, तिथे त्यांना एकस्तर वेतनश्रेणी, म्हणजे एक पायरी वरचा पगार, मिळत होती. बदली होऊन आमच्याकडे आल्यावर ती थांबायला हवी होती. ती चार वर्षे चालू राहिली. वसुली निघाली ६१ हजारांची. मामांनी घराच्या कामासाठी विटा आधीच टाकून घेतल्या होत्या. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि “सही कुठं करायची तेवढं दाखवा” म्हणाले. मी बोट ठेवले. सही करून पेन परत देताना त्यांनी एकच विचारले, “बाई, माझी बदली झाली तेव्हा कागद तुमच्याच टेबलावर आला हुता ना?”

आला होता. बदलीचा आदेश, कार्यमुक्तीचा आदेश, अंतिम वेतन प्रमाणपत्र, तिन्ही. एकस्तर बंद करायची नोंद आम्ही घ्यायची होती. मी काही बोलले नाही. चहा मागवला.

आता माझे आक्षेप सांगते. ते फक्त माझ्या पैशांबद्दलचे नाहीत.

पहिला आक्षेप वेळेबद्दल, आणि तोच सगळ्यात मोठा आहे. सेवापुस्तके पडताळणीला जातात ती कर्मचारी निवृत्तीला टेकला की. मधल्या वीस-पंचवीस वर्षांत ती कपाटात असतात. खरे तर सेवापुस्तक दरवर्षी कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यायची असते, त्याला दुय्यम प्रत द्यायची असते. किती कार्यालयांत हे होते, हे आपण एकमेकांना न विचारलेले बरे. वेतननिश्चिती झाली की सहा महिन्यांत तपासली तर माझी चूक निघाली असती काही हजारांची, आणि मी ती दोन हप्त्यांत भरून टाकली असती. शिवाय उशिराने होणारे नुकसान फक्त व्याजाने वाढणाऱ्या कर्जासारखे नसते. पदोन्नतीच्या वेळी वेतननिश्चिती कोणत्या तारखेपासून हवी याचा विकल्प देता येतो. मला कोणी वेळेत सांगितले असते की तुझी जुलैची वेतनवाढ बसत नाही, तर मी पुढच्या वेतनवाढीच्या तारखेचा विकल्प दिला असता आणि यातली बरीचशी रक्कम माझ्या हक्काची ठरली असती. एकोणीस वर्षांनी विकल्पाची मुदत कधीच सरलेली असते. चुकीला मात्र मुदत नसते, ती कधीही उघडता येते.

संगणक अर्हतेचेही असेच. ३१ डिसेंबर २००७ ही मुदत किती जणांच्या मानगुटीवर बसली आहे! परीक्षा उशिरा दिली, वेतनवाढी कार्यालयाने स्वतःच देऊ केल्या, आणि निवृत्तीच्या महिन्यात कोणाला तरी प्रमाणपत्रावरची तारीख दिसली. मराठी-हिंदी भाषा परीक्षांचे तेच. ज्या माणसाने पंचवीस वर्षे मराठीत टिपण्या लिहिल्या त्याच्याकडून मराठीची परीक्षा वेळेत दिली नाही म्हणून जाताना पैसे कापून घेतलेले मी पाहिले आहेत.

दुसरा आक्षेप हिशेबाबद्दल. मला जो आदेश मिळाला त्यात एक रक्कम होती आणि तिच्यापुढे अक्षरी रुपये होते. महिनावार तक्ता नव्हता. मी मागितला तेव्हा ‘पथकाचा शेरा पाहावा’ असे सांगण्यात आले, आणि शेऱ्यात चार शब्द होते. मी आस्थापनेवर काम केलेली असल्यामुळे दोन रात्री बसून तक्ता स्वतः काढला. मामांनी कसा काढला असता? आणखी एक, ज्या वर्षी ही जादा रक्कम मिळाली त्या वर्षी तिच्यावरचा प्राप्तिकरही पगारातून कापला गेला. वसुली मात्र ठोक रकमेची. म्हणजे जे पैसे माझ्या हातात कधी आलेच नाहीत तेही मी परत केले.

तिसरा, म्हणणे ऐकून घेण्याबद्दल. निवृत्तिवेतन नियमांतही वसुलीआधी कारण दाखवायची वाजवी संधी द्यावी असे आहे. आपण संधी म्हणजे संमतीपत्र समजतो. कारणे दाखवा नोटीस शिस्तभंगाच्या प्रकरणात अगदी चोख निघते, तिथे एक दिवस चुकत नाही. इथे माणसाने काही केलेलेच नसते, म्हणून बहुधा त्याला काही विचारायचे सुचत नाही.

चौथा आक्षेप न्यायनिवाड्यांबद्दल. यावर थोडे सविस्तर लिहिते, कारण कार्यालयात बसून मी हे निकाल पुढे आलेले कधी पाहिले नाहीत. मला ते निवृत्त झाल्यावर, एका वकिलांच्या ओसरीत बसून कळले.

१८ डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह’ या प्रकरणात निकाल दिला. खटल्याच्या नावात रफिक मसीह यांच्यापुढे कंसात ‘व्हाइट वॉशर’ असे लिहिलेले आहे, म्हणजे भिंतींना चुना मारणारा माणूस. न्यायालयाने पाच परिस्थिती सांगितल्या ज्यांत मालकाला, म्हणजे शासनाला, वसुली करता येणार नाही. कर्मचारी तृतीय किंवा चतुर्थ श्रेणीतला असेल तर. तो निवृत्त झालेला असेल किंवा वसुलीच्या आदेशापासून वर्षभरात निवृत्त होणार असेल तर. जादा रक्कम आदेशाच्या आधी पाच वर्षांहून जास्त काळ दिली जात असेल तर. त्याच्याकडून चुकीने वरच्या पदाचे काम करून घेतले आणि त्या पदाचा पगार दिला असेल तर. आणि इतर कोणत्याही प्रकरणात वसुली इतकी अन्याय्य किंवा जाचक होत असेल की शासनाच्या वसुलीच्या हक्कापेक्षा कर्मचाऱ्याच्या हालाचे पारडे जड ठरेल, तर.

पाचापैकी एकात बसले तरी पुरते. मी पहिल्या तिन्हींत बसते. मामाही त्यांतल्या पहिल्या दोहोंत बसत होते, आणि त्यांचा कागद मी निकालानंतर अडीच वर्षांनी केला. त्याबद्दल त्यांची माफी इथे सर्वांसमोर मागते.

केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने २ मार्च २०१६ रोजी ज्ञापन काढून हा निकाल आपल्या सर्व खात्यांना कळवला. २ मे २०२२ रोजी केरळमधल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या, थॉमस डॅनियल यांच्या, प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले की कर्मचाऱ्याने लबाडी केलेली नसेल, खोटी माहिती दिलेली नसेल, तर कार्यालयाने नियमाचा चुकीचा अर्थ लावून दिलेले पैसे असे मागता येत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये, माझ्या आदेशाच्या महिनाभर आधी, ओडिशातल्या न्यायालयीन लघुलेखकांच्या प्रकरणात तेच. त्यांच्याकडून रक्कम मागितली होती निवृत्तीनंतर, आणि म्हणणे ऐकूनही घेतले नव्हते.

यावर आपले ठरलेले उत्तर मला पाठ आहे : “वेतननिश्चितीच्या वेळी तुम्ही वचनपत्र दिले आहे.” दिले आहे. जादा रक्कम परत करीन असे ते वचन विकल्पाच्या नमुन्याच्या तळाशी छापलेलेच असते आणि सही केल्याशिवाय नवा पगार निघत नाही. त्याच्या जोडीला आपण वचनपत्रावरून वसुली मान्य करणारा २०१६ चा जगदेव सिंग यांचा निकाल लावता. तो निकाल एकदा पूर्ण वाचावा ही विनंती. जगदेव सिंग न्यायाधीश होते, तृतीय श्रेणीतले लिपिक नव्हते. आणि त्यांच्याकडूनही रक्कम घ्यायची ती दोन वर्षांच्या मासिक हप्त्यांनी, असे न्यायालयाने त्याच निकालात म्हटले आहे. एका झटक्यात उपदानातून कापून घ्या असे कुठेही म्हटलेले नाही.

दुसरे उत्तर असते, “हा जनतेचा पैसा आहे.” हे मला पटते, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. २०१२ साली उत्तराखंडच्या शिक्षकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने करदात्याच्या पैशाचा हाच मुद्दा धरून वसुली मान्य केली होती. म्हणून सांगते, माझे वेतन सुधारून कमी करा, पेन्शन त्या सुधारित वेतनावर काढा, माझी तक्रार नाही. ते झाले आहे आणि मी त्याविरुद्ध एक शब्द लिहिलेला नाही. ज्याने जन्मतारीख बदलली, खोटे प्रमाणपत्र दिले, त्याच्याकडून पै-पै वसूल करा. पण जनतेच्या पैशाची एवढी काळजी असेल तर एकोणीस वर्षे सही करणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी एकालाही साधे स्पष्टीकरण का विचारले जात नाही? चूक वेतननिश्चिती करणाऱ्याची, तपासणी न करणाऱ्याची, आणि पैसे भरायचे ते जाणाऱ्याने. कारण तो जातो आहे, आणि त्याचे पैसे आपल्या हातात आहेत.

पाचवा आक्षेप असा की हे सगळे माहीत असूनही राज्य शासनाच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगवेगळे मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, पाठवले जाते. प्रशासकीय न्यायाधिकरणाची पीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. आदेशापासून वर्षात अर्ज करायचा. वकिलांची फी, गाडीभाडे, तारखा. साठ-सत्तर हजारांच्या वसुलीसाठी माणूस हिशेब करतो आणि घरी बसतो. जो जातो त्याला बहुतेक वेळा पैसे परत मिळतात, जो जात नाही त्याचे जातात. एकाच नियमाखाली, एकाच कार्यालयातून निवृत्त झालेल्या दोघांचे असे दोन न्याय होतात.

खासगी नोकरीत हे नसेल अशा समजुतीत मी होते. माझा भाचा पुण्याला एका कंपनीत होता. नोकरी सोडताना त्याच्या फुल अँड फायनलमधून जादा दिलेला शिफ्ट भत्ता म्हणून मोठी रक्कम कापली. ईमेल आला होता की ४८ तासांत हरकत न आल्यास संमती धरली जाईल. म्हणजे आमच्याकडे निदान कागद तरी पुढे करतात! तिथल्या कायद्यात जादा दिलेला पगार कापून घेता येतो, हे खरे. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमातही ती सोय होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. पण दोन्हींकडे कपातीला मर्यादा आहे, साधारणपणे पगाराच्या निम्म्यापर्यंत, आणि नव्या संहितेत नोकरी सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायला सांगितले आहे. भाच्याला हे सांगितले तर म्हणाला, “मावशी, पुढच्या कंपनीला रिलीव्हिंग लेटर लागतं.” त्याचे रिलीव्हिंग लेटर आणि माझे पेन्शन प्रकरण यांत मला काही फरक दिसला नाही.

आता मागण्या. त्या साध्या आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच गोष्टींना मंत्रालयाची वाट पाहायची गरज नाही.

१. प्रत्येक वेतननिश्चितीनंतर एका वर्षात सेवापुस्तक पडताळणीला पाठवा आणि पडताळून परत आणा. निवृत्तीला दोन वर्षे उरली की पेन्शनचे कागद करायला घ्यायचे असतात. आक्षेप निघायचाच असेल तर तेव्हा तरी निघू द्या.

२. तृतीय व चतुर्थ श्रेणीतल्या, आणि वर्षभरात निवृत्त होणाऱ्या, कोणाही कर्मचाऱ्याकडून त्याची लबाडी नसताना वसुली करायची नाही, असे एका पानाचे स्पष्ट परिपत्रक वित्त विभागाने प्रत्येक आहरण अधिकाऱ्याला द्यावे. रफिक मसीह निकालातल्या पाचही परिस्थिती त्यात मराठीत लिहाव्यात आणि ते पान आस्थापना शाखेच्या भिंतीवर लावावे.

३. जिथे वसुली खरोखर करायची असेल तिथे आधी नोटीस, महिनावार तक्ता, म्हणणे मांडायला निदान तीस दिवस, आणि मग कारणांसह आदेश. रक्कम हप्त्यांनी, आणि कापलेल्या कराचा विचार करून.

४. वसुली आणि पेन्शन प्रकरण यांची गाठ सोडा. वाद चालू असेल तर वादातली रक्कम बाजूला ठेवा, बाकीचे उपदान आणि पेन्शन वेळेवर निघू द्या.

५. प्रत्येक वसुली आदेशात चुकीची वेतननिश्चिती कोणी केली, कोणी तपासली, त्यांचे पदनाम आणि तारीख लिहा. पैसे मागायचे की नाही ते नंतर पाहू. आधी नाव तर लिहा. मला वाटते एवढे केले तरी निम्म्या चुका आपोआप थांबतील.

६. ज्यांच्याकडून १८ डिसेंबर २०१४ नंतर अशा प्रकारे रक्कम कापली गेली त्यांची यादी प्रत्येक कार्यालयात उपदानाच्या नोंदीतून काढता येते. मला विचाराल तर दोन दिवसांचे काम आहे, मी येऊन करून देईन, बिनपगारी. त्यांनी मॅटमध्ये जायची वाट न पाहता ती रक्कम परत करा.

आणि सातवी मागणी फक्त माझ्या जुन्या कार्यालयाला. संमतीपत्राचा तो नमुना आस्थापनेच्या संगणकावर, डी ड्राइव्हला, ‘निवृत्ती’ नावाच्या फोल्डरमध्ये आहे. फाइलचे नाव ‘संमतीपत्र नवीन २’. पासवर्ड लागत नाही. ती काढून टाका. तिच्यातली मात्रा दुरुस्त करू नका, फाइलच काढून टाका.

आपली,
एक सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक (आस्थापना)

प्रत माहितीस्तव व कार्यवाहीस्तव : येत्या पाच वर्षांत निवृत्त होणारे सर्व कर्मचारी. त्यांनी आपल्या सेवापुस्तकाची दुय्यम प्रत या आठवड्यात लेखी अर्ज करून मागावी, अर्जाची पोच घ्यावी आणि २००६ व २०१६ च्या वेतननिश्चितीची पाने स्वतः वाचावीत.